मागचे दोन डबे

आमच्या हॅनोव्हरच्या गुरुवारच्या मंडळात कुणी नवीन आलं, की आरतीनंतर प्रसादाच्या वाट्या भरता भरता माझी पत्नी मंजिरी आप्पांची हकिगत सांगते. परदेशात, अनोळखी डोंगरात, भाषा येत नसलेला म्हातारा माणूस एकटा पडतो आणि दत्तमहाराज कुत्र्याच्या रूपाने धावून येतात. ती मनापासून सांगते, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मी तेवढ्या वेळात निरांजनं गोळा करतो, नाहीतर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतो. "यांना अजून बोलवत नाही हो त्याबद्दल," असं मंजिरी म्हणते, आणि लोक समजूतदारपणे माना हलवतात. या वेळी मंडळाने दत्तजयंतीच्या अंकासाठी तो अनुभव माझ्याच हातून लिहून मागितला. दोन आठवडे मी टाळलं. शेवटी लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की लिहायचं तर जे झालं तेच लिहावं लागेल. मंजिरीही ते इथेच पहिल्यांदा वाचेल.

आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यानंतर सहा वर्षांनी, बऱ्याच आर्जवांनंतर, ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आर्जवं मंजिरीची होती. मी फक्त व्हिसाचे कागद केले. आमच्यात भांडण असं कधी झालं नव्हतं, पण आईच्या आजारपणापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होतो. आईच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा आप्पांनी अंगारा लावला आणि म्हणाले, महाराज बघतील. दवाखान्याचं नाव काढू देईनात. आईने मला फोन केला होता. "एकदा येऊन जा रे. तू समोर बसून सांगितलंस, तर ते ऐकतील." मी म्हटलं, "येतो." पण त्या वसंतात आमचं रोम आणि फ्लोरेन्स ठरलं होतं. तिकिटं फेब्रुवारीतच काढलेली, परत न होणारी, म्हणूनच स्वस्त. रजाही तेवढ्याच मंजूर. म्हटलं, ही सहल उरकतो, मग उन्हाळ्यात पुण्याला जातो. मी गेलो तेव्हा सर्जनने नुसते रिपोर्ट परत पाकिटात घातले. त्यानंतरची सहा वर्षं मी आप्पांना मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो. 'महाराज बघतील' हे दोन शब्द कानावर पडले, की माझ्या जबड्यात कळ यायची.

इथे नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांची फिरण्याची एक ठरलेली पद्धत आहे. जानेवारीत ऑफिसात रजांचा तक्ता लागतो, त्यात सुट्ट्यांना लागून आलेले दिवस आधी पटकवायचे. तिकिटं सहा-सहा महिने आधी. राहायला होस्टेल, सामायिक स्वयंपाकघराचं. बॅगेत राईस कुकर, मेतकूट, दशम्या. मला त्यात एक प्रकारचा अभिमान होता. ऑफिसातले लोक एका हॉटेलात जेवढे घालवतात तेवढ्यात आम्ही तीन देश करतो, हे मी ऐकवायचो सुद्धा. आप्पा आले त्या उन्हाळ्यात मी तसाच बेत आखला. धिम्या गाड्यांचा महिन्याचा पास, त्यावर थांबत थांबत येना नावाचं गाव, तिथून सरहद्द ओलांडून प्राग, पुढे व्हिएन्ना. आप्पा म्हणाले, "मला घरी ठेवलंत तरी चालेल." मंजिरी म्हणाली, "अहो आप्पा, असं कसं? प्राग बघायचं ना!" मी पास काढून टाकले. तीन महिन्यांसाठी कशाला, म्हणून त्यांना फोनचं वेगळं कार्ड घेतलं नव्हतं. त्यांचा पासही माझ्याच मोबाइलमध्ये होता. आता वाटतं, तो माणूस माझ्या हवाली किती पूर्णपणे होता.

येनाला ओळखीतल्या एका संशोधक मुलीची खोली सुटीमुळे दोन दिवस रिकामी होती, तिथे आम्ही पथाऱ्या पसरल्या. सकाळी आप्पांनी सवयीने बाथरूममध्ये तांब्याने अंघोळ केली. तिथे जमिनीला पाणी जायला भोक नसतं. पाणी दाराखालून बाहेर पॅसेजमध्ये गेलं आणि शेजारच्या खोलीतला माणूस चप्पल भिजली म्हणून मला दहा मिनिटं बोलला. मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होतो आणि आप्पा दारात उभे राहून म्हणत होते, "अरे, मला दे, मी पुसतो." मी दिलं नाही. मग घाईघाईने त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. ते म्हणाले, "आज गुरुवार आहे रे." मी म्हटलं, "हो, हो, असू दे."

ते काय सांगत होते, हे मला कळायला हवं होतं. गुरुवारी त्यांचा उपास. नुसतं दूध, एखादं केळं, संध्याकाळी आरती झाली की जेवण. म्हणून गुरुवारी सकाळी इन्सुलिन अर्धंच द्यायचं, हे आई सांभाळायची. पुढे ते स्वतः सांभाळायचे. आता डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणून इथे आल्यापासून सुई मी देत होतो. मी पूर्ण दिलं. त्यांनी शब्द ऐकवला होता, मी कानावर घेतला आणि मनात एवढंच म्हटलं, आता यांच्या उपासाचं खाणं कुठून आणायचं.

अकराच्या सुमाराला आम्ही गाडीत बसलो. चारच डब्यांची गाडी, बऱ्यापैकी भरलेली. आप्पांकडे पितळेचा एक छोटा डबा असतो, त्यात दत्ताच्या पादुका. तो मांडीवर घेऊन त्यांनी नामस्मरण सुरू केलं. आवाज मोठा नव्हता, पण ते टाळी धरतात, बोटांवर, हलकीशी. समोरच्या सीटवरच्या गृहस्थाने पुस्तकातून दोनदा मान वर केली. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे बघून नुसता हसला. त्या हसण्याची मला काय लाज वाटली ते सांगता येत नाही. वीस वर्षं या देशात मी कुणाला त्रास न देता, आवाज न करता जगायला शिकलो होतो, आणि ते सगळं ती बोटं टकटक करून उसवत होती, असं वाटलं.

"आप्पा," मी म्हटलं, "मागच्या डब्यांत भरपूर जागा आहे. तिथे निवांत बसा, हवं तेवढं म्हणा."

"इथे त्रास होतोय का कुणाला?"

"नाही हो. पण तिथे बरं पडेल तुम्हाला."

"उतरायचं कुठे ते मला कळायचं नाही."

"मी घ्यायला येतो ना."

मी त्यांना शेवटच्या डब्यात खिडकीशी बसवून आलो. त्यांनी डबा मांडीवर ठेवला, धोतर सारखं केलं आणि शाळेत मुलाला बसवून निघाल्यावर ते मूल बघतं तसं माझ्याकडे बघून मान डोलावली. खाण्याची पिशवी आमच्याकडेच राहिली.

परत येऊन बसलो. मंजिरी झोपली होती. मुलगी, ईरा, तेव्हा पंधराची, कानात गाणी घालून बसली होती. दिवसातला पहिला शांत तास मला मिळाला होता. बाराच्या आसपास एक जंक्शन आलं आणि ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. पुढचे दोन डबे सरहद्दीकडे जातील. मागचे दोन डबे इथे वेगळे होऊन दुसऱ्या खोऱ्यात जातील. सरहद्दीकडे जाणाऱ्यांनी कृपया पुढे यावं. गाडी पाच मिनिटं थांबेल.

मंजिरी सांगते की घोषणा घोगरी होती, जर्मनमधून भराभर झाली, आम्हाला कळलीच नाही. हे तिला मीच सांगितलं आहे. मी या भाषेत रोज आठ तास काम करतो. मला शब्दन् शब्द कळला.

ईराने कानातला एक इअरफोन काढून विचारलं, "पापा, वास हात देअर गेझाग्ट?" काय म्हणाला तो?

मी म्हटलं, "काही नाही. थोडा उशीर आहे म्हणे."

का म्हणालो? सात वर्षं मी या प्रश्नाभोवती फिरतो आहे. त्यांना सोडून द्यावं, असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. एवढंच होतं, की अजून एक मिनिट बसू. उठलो की ते परत शेजारी येणार, पुन्हा ती बोटं, पुन्हा ते हसणं. अजून एक मिनिट. प्लॅटफॉर्मवरून मागच्या डब्यांतली माणसं बॅगा ओढत पुढे येत होती. मी त्यांच्यात धोतर शोधत होतो, आणि दिसलं नाही तेव्हा उठलो नाही. मग दारांची शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा सगळ्यात आधी मला हलकं वाटलं. हे लिहिताना हात थांबला होता, पण हेच लिहायचं होतं. आधी हलकं वाटलं. भीती त्यानंतर आली.

पुढचं स्टेशन अकरा मिनिटांवर होतं. तिथे आम्ही उतरलो. मंजिरी जागी होऊन रडायला लागली, "अहो, त्यांच्याजवळ काहीच नाही हो, पाणी पण नाही!" मी प्लॅटफॉर्मवरच्या मदतीच्या खांबाचं बटण दाबून सगळं सांगितलं, तेही खोटं मिसळून. ईरा माझ्याकडे बघत होती. परत जंक्शनला आलो, बायकोमुलीला सामानाशी बसवलं आणि त्या खोऱ्यात जाणाऱ्या पुढच्या गाडीत मी एकटा चढलो. तासाला एक गाडी. प्रत्येक थांब्यावर दारात उभा राहून मी प्लॅटफॉर्म बघत होतो. मी नास्तिक नव्हतो, भक्तही नव्हतो. मंडळात आरती म्हणायचो, ती आवाजात आवाज मिसळून. त्या दारात उभं राहून मला देवाला हाक मारता येईना. कोणत्या तोंडाने मारणार? आप्पांचे शब्द ओठांवर आले, महाराज बघतील, आणि मी ते गिळले, कारण त्या शब्दांवर माझा काही हक्क उरला नव्हता.

तिसऱ्या थांब्यानंतर तिकीट तपासनीस बाई आली. मी बोलायला तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "पितळेचा डबा घेतलेले गृहस्थ तुमचे का?" कंट्रोलवरून तिला निरोप आला होता. "पुढच्या हॉल्टवर आहेत. बटण दाबा हं, नाहीतर आम्ही तिथे थांबत नाही."

मी बटण दाबलं.

तो हॉल्ट म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक बाक आणि मागे उतारावर सफरचंदाची झाडं. बाकावर आप्पा बसले होते. अंगावर कुणाचं तरी लोकरी जॅकेट, हातात सफरचंदाच्या रसाची बाटली. त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून एक मोठी काळी कुत्री पडली होती, आणि शेजारी साठीच्या एक बाई. बाईंनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, त्यात माझं काही नाही.

त्यांना लहानपणापासून मधुमेह. ती कुत्री, बेला, त्यासाठी शिकवलेली. माणसाची साखर उतरली की तिला वासावरून कळतं, मग ती पंजा मारून इशारा देते. बाई रोजच्याप्रमाणे शेवटच्या डब्यातून घरी चालल्या होत्या. जंक्शननंतर कुत्री अस्वस्थ झाली. बाईंनी स्वतःची साखर तपासली, ठीक होती. कुत्री ऐकेना. ती बाईंना ओढत डब्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर पंजा ठेवून भुंकायला लागली. माणूस घामाने भिजलेला, हात थरथरत होते, डोळे उघडे पण नजर नाही. बाईंनी स्वतःच्या यंत्रावर त्यांची साखर बघितली, ग्लुकोज तोंडात घातलं आणि रस पाजला. हॉल्ट आल्यावर धरून उतरवलं, गार्डला निरोप द्यायला सांगितलं आणि तासभर त्यांच्याजवळ बसून राहिल्या. शब्द एकही सामायिक नव्हता.

मग त्यांनी मला विचारलं, "पोटात अन्न नसताना यांना इन्सुलिन दिलं कुणी?"

मी म्हटलं, "मी." दिवसभरात मी बोललेलं पहिलं खरं वाक्य ते.

"आणखी अर्धा तास गेला असता," त्या म्हणाल्या आणि वाक्य पुरं केलं नाही.

मंजिरी इथे म्हणते की महाराजांनी गाडी तोडली, पण माणूस तोडला नाही. मला ते वेगळ्या बाजूने दिसतं. गाडी तुटली नसती, आप्पा माझ्या शेजारीच बसलेले असते, तर काय झालं असतं? त्यांची मान कलली असती. बोटं थांबली असती. आणि मी म्हटलं असतं, बरं झालं, झोपले एकदाचे. मी त्यांना झोपू दिलं असतं, समाधानाने, सरहद्दीपर्यंत. म्हणजे ते वाचले ते माझ्यापासून दूर गेले म्हणून. कृपा झाली, यात मला शंका नाही. पण ती त्यांना माझ्या हातातून काढून घेण्याची कृपा होती.

परतीच्या गाडीला तास होता. बाई जॅकेट तसंच ठेवून, बेलाला घेऊन उतारावरून गेल्या. आम्ही दोघं बाकावर. मी सुरुवात केली, "आप्पा, ती घोषणा इतकी भराभर झाली ना, की..."

"असू दे," ते म्हणाले.

मग आपणहून बोलायला लागले. "गाडी थांबली तशी सगळे उठून पुढे चालले. एक मनुष्य मला पण खूण करत होता, पुढे चला, पुढे चला म्हणून. डबा घेऊन उठलो सुद्धा. मग म्हटलं, तू घ्यायला येतो म्हणालायस. तू यायचास आणि मी जागेवर नसायचो, तुझी धावाधाव. म्हणून परत बसलो. त्याला सांगितलं मराठीतच, मुलगा येतोय माझा." ते हसले. "गाडी सुटली तेव्हा म्हटलं, कुठेतरी अडकला असेल. आता महाराज बघतील."

यात टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता. त्यांनी मला विचारलंही नाही, की तू का आला नाहीस. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मंजिरीला त्यांनी सांगितलं, "माझंच चुकलं, डबा चुकला माझा."

त्या बाकावर बसून मला आई आठवली. तिनेही असंच केलं असणार. उठून एकटीने रिक्षा करून दवाखान्यात जायला ती काही अगदी परावलंबी नव्हती. पण मी 'येतो' म्हटलं होतं. मी येणार आणि आप्पांना सांगणार, म्हणून ती जागेवर बसून राहिली. त्या दिवसांत मी रोममध्ये स्वस्त पिझ्झ्याची रांग कुठली, ते शोधत होतो. सहा वर्षं मी ज्या शब्दांना दोष दिला, ते शब्द आप्पांनी माझ्या शब्दानंतर उच्चारले होते. त्यांनी आधी माझ्यावर सोडलं होतं. मी आलो नाही, तेव्हा महाराजांवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रागला गेलो. बुकिंग परत होणारं नव्हतं. पुलावर काढलेला फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे, त्यात आप्पा हसत आहेत, अंगात त्या बाईंचं जॅकेट. लोक विचारतात, जॅकेट कुठलं हो, आणि मंजिरीची हकिगत सुरू होते.

जॅकेट परत करायला मी त्या शरद ऋतूत एकटा गेलो. बाईंना सगळं सांगितलं, घोषणेसकट. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? बेलाला आणि मला तुमच्या वडिलांची काळजी होती, तुमची नाही." त्यांनी कॉफी दिली. बेला माझ्या पायाशी आलीच नाही. गेल्या वर्षी ती गेली, बाईंनी पत्रातून कळवलं. मी देवापुढे तिच्यासाठी एक वात लावली. त्या दोघींचे आभार मानायला माझ्याजवळ दुसरं काही नाही.

शरणागतीबद्दल मंडळात पुष्कळ बोलणं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं आहे, की आपण देवावर सोपवतो तेव्हा बहुधा आपलं ओझं सोपवतो. आप्पांनी त्या डब्यात स्वतःला सोपवलं होतं, आणि त्याआधीची पाच मिनिटं ते मला आजमावून बघत नव्हते, नुसते विश्वासाने बसले होते. तेवढा विश्वास मला देवावर ठेवता येत नाही. माणसाने ठेवलेला विश्वास कसा पेलायचा, तेही उशिरा शिकतो आहे.

आप्पा पुण्यात आहेत, एक्क्याऐंशी चालू आहे. दर गुरुवारी सकाळी मी फोन करतो. "आप्पा, आज गुरुवार. इन्सुलिन अर्धंच सांगा त्या नर्सताईंना." ते म्हणतात, "हो रे, माहीत आहे." आणि फोन ठेवत नाहीत. पुढे काही बोलतही नाहीत. मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबतात. मला माहीत आहे ते कोणता शब्द ऐकायला थांबतात.

तो शब्द मी म्हणत नाही. या दत्तजयंतीला मंडळात मी नसेन, रजा टाकली आहे, तिकीट महागच पडलं. त्यांना काही कळवलेलं नाही. येतो म्हटलं, की ते जागेवरून हलत नाहीत. सरळ दारात जाऊन उभा राहणार आहे. हा अंक घेऊन जाईन, आणि त्यांना दिसत नाही म्हणून मलाच वाचून दाखवावा लागेल, घोषणेपासून. महाराजांनी तेवढं माझ्याकडून करून घ्यावं.